काय ऐकवलं नाही, तेही ऐका

‘सैराट’चा शेवट आठवून बघा. २०१६ साली तो महाराष्ट्रात इतक्या लोकांनी पाहिला की आता गुपित फुटण्याची भीती उरलेली नाही. आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. चहा होतो. लेकरू शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ती त्याला दारात आणून सोडते आणि ते दुडुदुडु आत जातं. आता सांगा, त्या वेळी आवाज कसला येत होता?

ज्यांना विचाराल ते क्षणभर थांबतील. कोणी म्हणेल पोराच्या रडण्याचा, कोणी म्हणेल व्हायोलिन वाजत होतं. खरं तर काहीच नव्हतं. पोर रडताना दिसतं, ऐकू येत नाही. गल्लीचा आवाज नाही, वाऱ्याचा नाही, संगीत तर नाहीच. जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी नेमकी हीच वेळ निवडली आणि सगळा आवाज काढून घेतला. तरीही आपल्याला ‘काहीतरी ऐकल्यासारखं’ आठवतं, याचा अर्थ तो आवाज आपणच आपल्या आत भरला.

मला आज जे सांगायचं आहे ते याच्याच भोवती आहे. चित्रपट बघताना आपण गोष्ट बघतो, नट बघतो, संवाद पाठ करतो. दिग्दर्शक आपल्याला काय देतो हे थोडंफार कळतं. पण तो काय द्यायचं टाळतो, काय हातचं राखतो, इकडे फारसं लक्ष जात नाही. ते द्या, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी कोर्स करावा लागत नाही आणि जाड पुस्तकं वाचावी लागत नाहीत. कान आणि डोळे थोडे सावध ठेवावे लागतात, इतकंच.

‘सैराट’वरच थोडं रेंगाळू. ती शांतता अंगावर का येते? निव्वळ आवाज बंद करून कोणी हादरत नाही. केबल गेली तरी टीव्ही मुका होतोच. ती अंगावर येते, कारण आधी आपल्याला आवाजाची चटक लावलेली असते. अजय-अतुल यांनी या चित्रपटाचं संगीत अमेरिकेत जाऊन मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रित केलं. करमाळ्याकडच्या विहिरी, उसाचे मळे, बुलेटवरची मुलगी, आणि मागे शंभर माणसांच्या वाद्यमेळाला शोभेल असा थाट. सगळं संथ गतीत, सोनेरी उन्हात. हिंदी चित्रपटांनी प्रेमाची जी चित्रभाषा आपल्याला आयुष्यभर शिकवली, तीच मंजुळे पूर्वार्धात मनसोक्त वापरतात. आपण खूश होतो. मग आर्ची आणि तिचा प्रियकर हैदराबादला पळतात आणि गाणी मागेच राहतात. उत्तरार्धात झोपडी आहे, डोशाची गाडी आहे, भांडणं आहेत, पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी आहे. कॅमेराही आता कोणाला संथ गतीत धावायला लावत नाही. थोडक्यात, शेवटच्या शांततेच्या कितीतरी आधीपासून आवाज हळूहळू कमी होत आलेला असतो. आपल्या लक्षात येत नाही, म्हणून शेवट अचानक वाटतो.

आणि ती पावलं. खून झालेल्या आई-बापांच्या रक्तात भिजलेली, बाळाची, बाहेर जाणारी. लाल पावलांचा ठसा आपल्या घरांत कुठे उमटतो? नव्या सुनेच्या गृहप्रवेशाला आणि लक्ष्मीच्या पावलांच्या रांगोळीत. तिथे ती नेहमी आत येतात. इथे ती उंबऱ्याबाहेर निघालेली आहेत. मंजुळे यांच्या मनात हे होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण ज्या प्रेक्षकाने आयुष्यभर दिवाळीत ती पावलं पाहिली आहेत, त्याच्या पोटात काहीतरी हललं असेल तर त्याचं एक कारण हे असू शकतं. चित्रपट दिग्दर्शक बनवतो हे खरं, पण त्याचा अर्थ लावायला लागणारं बरंचसं सामान आपल्या घरातलंच असतं. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून मागे सरू नका.

आवाज काढून घेण्याची ही रीत जुनी आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) ती वेगळ्या तऱ्हेने येते. हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो. वादळाने घर मोडलं आहे आणि त्याच्या मागे मुलगी दुर्गा तापाने गेली आहे. त्याला ठाऊक नाही. तो हौसेने आणलेल्या वस्तू एकेक काढून बायकोला, सर्वजयाला, दाखवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. सर्वजया इतका वेळ दगडासारखी बसलेली असते. साडी हातात येते आणि ती फुटते. तोंड उघडतं, चेहरा पिळवटतो, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. एसराजला कर्णा जोडलेलं हे वाद्य, आवाज चिरका आणि उंच. संगीत रविशंकर यांचं. खऱ्या रडण्याने आपण हळहळलो असतो आणि सावरलोही असतो, कारण रडणं ऐकायची आपल्याला सवय असते. त्या वाद्याच्या स्वरापासून पळायला मात्र जागा सापडत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक सतीश बहादूर यांनी हा चित्रपट तुकड्या-तुकड्याने उलगडून दाखवत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. एकच चित्रपट पुन्हा पुन्हा बघण्यात वेळ वाया जातो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे सांगतो आहे.

त्याच इन्स्टिट्यूटमध्ये साठच्या दशकात काही काळ शिकवून गेलेले ऋत्विक घटक याच्या अगदी उलट करतात. ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) नायिका नीताचा विश्वासघात होतो तेव्हा चाबकाचा फटकारा ऐकू येतो. चाबूक कुठेही नाही. घरात नाही, रस्त्यावर नाही, गोष्टीतही नाही. फटका मात्र बसतो. काहींना हे भडक वाटतं. मला वाटत नाही.

आपल्याकडेही आवाज हातचा राखण्याचा विचार फार आधी झाला होता. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ चा. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली, लोक गाण्यांवर लुब्ध, आणि अशा काळात प्रभात फिल्म कंपनीच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरायचं नाही असं ठरलं. जे ऐकू येईल ते त्या घरातलं, त्या प्रसंगातलं. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा, शांता आपटे यांची, आणि तिच्या बंडाला आधार द्यायला एकही सारंगी नाही. म्हाताऱ्याच्या घरात घड्याळ आहे, त्याची टिकटिक आहे. तो वयाने कुठे आला आहे हे सांगायला तेवढं पुरतं. प्रभातचं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांच्या हातात वाढलं होतं आणि ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी ते एक होते, हे लक्षात घेतलं तर त्या कंपनीला आवाजाची किंमत का कळत होती ते उमगतं. आज एखाद्या मालिकेत सून दार उघडते तेव्हासुद्धा तीनदा विजा कडाडतात. नव्वद वर्षांत आपण नक्की कुठल्या दिशेने आलो?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुष्कळ लोकांचा असा समज असतो की कॅमेरा लावला की आवाज आपोआप येतो. येत नाही. पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक आवाज कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो. आपल्याकडे कित्येक वर्षं चित्रीकरणाच्या जागी आवाज नीट मिळायचाच नाही. कॅमेरे घरघरायचे, भोवती बघ्यांची गर्दी असायची. मग नट नंतर स्टुडिओत येऊन ओठांच्या हालचाली बघत संवाद पुन्हा बोलायचे. हे डबिंग. पावलं, बांगड्या, पदराची सळसळ, कप बशीवर ठेवल्याचा आवाज, हे सगळं फोलीचे कलाकार वेगळ्या खोलीत, पडद्याकडे बघत, हातापायांनी काढतात. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या ही तर जगभर चालत आलेली युक्ती. २००१ च्या ‘लगान’पासून चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपण्याची, म्हणजे सिंक साउंडची, पद्धत हिंदीत पुन्हा प्रतिष्ठेची झाली. तरी पावलं आणि वारा नंतरच भरला जातो. म्हणून जेव्हा एखाद्या प्रसंगात लांबून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं, तेव्हा समजा की कोणीतरी बसून, विचार करून, ते कुत्रं तिथे भुंकायला लावलं आहे. आणि तिथे नकोत म्हणून काढलेले आवाज याहून जास्त असतात.

‘शोले’ (१९७५) घ्या. हा तुम्ही दहादा तरी पाहिला असेल, म्हणून त्याच्यावर प्रयोग करणं सोपं. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड. गोळी लागलेलं प्रत्येक माणूस क्षणभर गोठतं, चित्र थांबतं. मग झोपाळ्याच्या कड्यांची करकर. गब्बर घोड्यावरून येतो, समोर फक्त लहान पोर उरलेलं. तो बंदूक उचलतो. गोळीचा आवाज होतो आणि त्याच झटक्यात आपण स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीपाशी पोहोचतो, जिच्यातून ठाकूर घरी परततो आहे. पोराला गोळी लागताना दाखवलेलीच नाही. तरी ‘गब्बरने पोराला मारलेलं पाहिलं’ असं शपथेवर सांगणारी माणसं भेटतील. ते त्यांनी पाहिलं नाही, गाडीच्या आवाजात ऐकलं. या चित्रपटाचं ध्वनिमिश्रण मंगेश देसाई यांचं. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून त्यांनी जे काम केलं त्याच्यावर या देशातल्या ध्वनिवाल्यांच्या पिढ्या पोसल्या. नटांच्या वाढदिवसांच्या बातम्या आपण वाचतो. मंगेश देसाई हे नाव किती घरांत माहीत आहे?

त्याच चित्रपटात राधाकडे बघा. जया भादुरीची राधा पांढऱ्या साडीत, रात्री वाड्यातले दिवे एकेक करून मालवते. समोर पायरीवर जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला. दोघांत बोलणं जवळजवळ नाही. मग जुन्या दिवसांतली होळी दाखवतात आणि कळतं की ही मुलगी रंगांत न्हायलेली, बडबडी होती. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बराच वेळ पांढरं दाखवलं आणि नंतर रंग. उलट केलं असतं तर आपण ‘अरेरे’ म्हणून मोकळे झालो असतो. इथे आपल्याला न बघितलेल्या गोष्टीची चुटपुट लागते.

रंगांबद्दल एक सावधगिरीचा सल्ला. हल्ली मोबाइलवर असे पुष्कळ व्हिडिओ फिरतात ज्यांत सांगतात की लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे एकटेपणा, पिवळा म्हणजे वेड. हे पाठ करू नका. रंगांचा असा कोश कुठल्याही दिग्दर्शकाच्या खिशात नसतो. लाल हा कुंकवाचा रंग आहे, रक्ताचा आहे, एसटीचाही आहे. रंगाला अर्थ येतो तो त्या एका चित्रपटात, तो कुठे दिला आणि कुठे नाकारला यावरून. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये (१९९३) ज्यूंची वस्ती रिकामी करतात त्या गोंधळात एका छोट्या मुलीचा कोट लाल दिसतो. बाकी सगळं काळंपांढरं. हजारो माणसांच्या लोंढ्यात शिंडलरची आणि आपली नजर एका जिवावर स्थिरावते. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाडीवर दिसतो. संपूर्ण चित्रपट रंगीत असता तर तो कोट आपल्याला ओळखूसुद्धा आला नसता.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चंही (२०१८) तसंच. कोकणातलं गाव, देवांच्या कोपाने सतत कोसळणारा पाऊस. तो पाऊस खरा मिळावा म्हणून या मंडळींनी अनेक पावसाळे चित्रीकरण केलं. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यात सगळं ओलं, करडं, शेवाळी. ऊन जवळजवळ दिसतच नाही. इतका वेळ ते तुम्हाला उबेसाठी तरसवतात आणि मग देवीच्या गर्भात उतरवतात, तिथे सगळीकडे लालभडक, धगधगीत. घाबरायला हवं. पण डोळे क्षणभर सुखावतात. लोभाची गोष्ट सांगायची तर प्रेक्षकाच्या डोळ्यांनाही लोभ सुटायला हवा, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

आणि रंग अजिबात न देणं हाही निर्णयच असतो. आल्फ्रेड हिचकॉकने ‘सायको’च्या (१९६०) आधी ‘व्हर्टिगो’ आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ रंगीत केले होते. ‘सायको’ मात्र काळापांढरा ठेवला. बजेट कमी होतं हे एक कारण, आणि न्हाणीघरातला खून रंगात फार ओंगळ दिसला असता हे दुसरं. मोरीतून वाहणारं ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. गंमत अशी की त्या प्रसंगाला संगीतही नको असं हिचकॉकचं आधी मत होतं. बर्नार्ड हेरमानने नुसत्या तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे स्वर लिहून ऐकवले आणि हिचकॉकने मत बदललं. म्हणजे हातचं राखण्याचाही अतिरेक होऊ शकतो. कधी काय सोडून द्यायचं हे कळणारा माणूस शेजारी असावा लागतो.

चौकटीबद्दल बोलायचं तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) काढून बसा. पहिल्यांदा बघणाऱ्यांची ठरावीक तक्रार असते, कॅमेरा हलतच नाही. खरं आहे. सत्र न्यायालयाची खोली, लांबून, सरळ. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून कॅमेरा जवळ जात नाही. न्यायाधीश टायपिस्टला सांगताहेत, वकील कागद चाळताहेत, मागच्या बाकावर दुसऱ्याच खटल्याची माणसं ताटकळली आहेत. बहुतेक चित्रपट आपल्याला कोणाकडे बघायचं ते बोट धरून सांगतात. ताम्हाणे सांगत नाहीत. सुरुवातीला कंटाळा येतो आणि मग आपलं आपल्यालाच कळतं की आपण आरोपी शाहिराकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघतो आहोत, अगदी त्या खोलीतल्या बाकीच्यांसारखे. शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात. पडदा काळा. तो काळोख इतका लांबतो की चित्रपट संपला असं वाटून माणूस चपला शोधू लागतो. आणि मग सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. कृपा करून आधी उठू नका.

त्यांच्याच ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) एक पात्र आहे, माई, थोर गायिका. गोष्टीभर तिचा वचक आहे आणि ती एकदाही समोर येत नाही. फक्त जुन्या ध्वनिफितींमधला आवाज. नायक शरद रात्री रिकाम्या मुंबईत मोटरसायकल चालवतो, कानात माईंची शिकवण, मागे तंबोरा, चित्र संथ. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. माईंना चेहरा दिला असता तर त्या एक बाई झाल्या असत्या, हेकट किंवा प्रेमळ. चेहरा नाही म्हणून त्या शरदच्या डोक्यात घर करून राहतात आणि त्याचं आयुष्य पोखरतात.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’च्या शेवटाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून एवढंच म्हणतो की त्यातल्या जब्या या मुलाचा दगड आपल्यावर येतो तेव्हा चिडण्याआधी मागे जाऊन बघा, डुकरं पकडण्याच्या त्या प्रसंगात गावकरी हसत होते तेव्हा आपण कोणाच्या बाजूला बसून बघत होतो. आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर हाताशी आलेलं डुक्कर सोडून अख्खं कुटुंब ताठ उभं राहतं, तिथे आपल्याला हसू आलं होतं का?

आता घरगुती गोष्टी, कारण वरचं सगळं ऐकून तुम्ही टीव्ही लावाल आणि काहीच जाणवणार नाही. दोष तुमचा नसेल, टीव्हीचा असेल. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही ‘विविड’ नावाच्या भडक सेटिंगवर येतो. घरी आणल्यावर कोणी ते बदलत नाही आणि ‘तुंबाड’चा करडेपणा हिरवागार होऊन जातो. सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. दुसरं म्हणजे मोशन स्मूदिंग. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही आपल्या मनाने मधली चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतो, आणि मोठा चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. एलजीवर याला ‘ट्रूमोशन’ म्हणतात, सोनीवर ‘मोशनफ्लो’. ते बंद करा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून प्रेक्षकांना हीच विनंती करणारा व्हिडिओ काढला होता, म्हणजे हे दुखणं फक्त माझं नाही. आवाजासाठी साधे वायरचे हेडफोनही चालतील. टीव्हीच्या पाठीमागचे बारके स्पीकर भिंतीशी बोलत असतात, त्यांतून झोपाळ्याची करकर ऐकू येत नाही. आणि दीडपट वेगाने चित्रपट बघायची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यापायी शांतता आधी मरते, कारण ज्यांना वेळ वाचवायचा असतो त्यांना तीच रिकामी जागा वाटते.

ही सगळी खटपट कशासाठी, असं विचाराल. करमणूक आहे, बघितली आणि सोडली. मान्य. पण हीच हत्यारं चित्रपटगृहाबाहेरही रोज तुमच्यावर चालवली जातात, आणि तिथे तिकीट काढलेलं नसतं. संध्याकाळच्या बातम्या लावा. दोन मिनिटं आवाज बंद करून बघा. लाल पट्ट्या, फिरणारे गोळे, तेच दृश्य चौथ्यांदा, एखाद्या नेत्याची संथ गतीतली चाल. मग डोळे मिटून नुसतं ऐका. मागे कसला तरी ढोल वाजतो आहे. खरी बातमी एका वाक्याची असते, भीती त्या ढोलाची असते. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हने एक प्रयोग केला असं सांगतात. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. लोक म्हणाले, काय सुंदर भूक दाखवली, काय सुंदर दुःख दाखवलं. चेहरा तोच होता. आज एखाद्याचा हसरा चेहरा कुठल्याशा दुर्घटनेच्या चित्राला जोडून तुमच्या फोनवर येतो आणि तुम्हाला त्याचा राग येतो, तेव्हा तिथे कुलेशोव्ह काम करत असतो.

म्हणूनच मी मघापासून हातचं राखण्याबद्दल बोलतो आहे. चांगला दिग्दर्शक काहीतरी रिकामं ठेवतो, तिथे तुम्हाला जागा असते. बातम्या आणि जाहिराती एक इंचही रिकामा ठेवत नाहीत. काय वाटून घ्यायचं ते सगळं भरून तयार असतं. हा फरक ओळखायची सवय ‘शोले’ बघताना लागली तर ती बातम्या बघताना उपयोगी पडते. घरात मुलं असतील तर त्यांच्याबरोबर हे खेळा. एक प्रसंग आवाज बंद करून, मग डोळे मिटून, मग नीट. मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं, फक्त ‘यातून काय शिकलास’ असं विचारायचा मोह आवरा. काय ऐकू आलं, एवढंच विचारा.

थोडं पुढे जायचं असेल तर गावात फिल्म सोसायटी आहे का ते शोधा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतं आहे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय आहे. जिथे काही नाही तिथे चार शेजारी आणि कोणाचा तरी बरा टीव्ही पुरतो. चित्रपट संपल्यावर चहा घेत अर्धा तास बोला आणि गोष्ट सांगायला बंदी घाला.

सुरुवात ‘कुंकू’पासून करायची असेल तर प्रिंटच्या खरखरीची तयारी ठेवा. पहिली दहा मिनिटं बोलण्याची जुनी ढब कानाला खटकेल आणि संगीत का नाही म्हणून चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल. रिमोट लांब ठेवा. विसाव्या मिनिटाच्या सुमारास घड्याळ ऐकू यायला लागेल.